‘घे’ गळाल्यावर

कोशात त्या शब्दापुढे ‘बहुधा’ लिहिलंय.
बहुधा पंधरावं शतक, बहुधा डच खलाशी,
बहुधा जुगाराचा फड.
तीन बहुधांच्या मधल्या फटीत
मी एक गुत्ता उभा करते:
लिन बंदर, ऊझ नदीचं तोंड,
खारवलेल्या हेरिंगचा वास भिंतींत मुरलेला.

मालकीण हॅविस.
नवरा दोन हिवाळ्यांपूर्वी लोकरीचे गठ्ठे घेऊन गेला.
लोकर पोचल्याचा निरोप आला,
त्याचा नाही.
दारामागे खडूच्या रेघा, कुणाची किती उधारी.
सगळ्यांत जास्त वाउटरच्या,
झीलंडचा वाउटर, डाव्या हाताला तीनच बोटं,
मेंढीच्या नळीचे फासे ओल्या मुठीत घोळवत बसणारा.

त्या रात्री तो हरत होता.
चाकू गेला, पट्टा गेला,
गोष्ट बुटांवर आली होती.
मग फासे घरंगळत चुलीपाशी जाऊन थांबले,
सहा आणि सहा,
आणि तो ओरडला, घेलुक!
त्यातला ‘घे’ घशाच्या तळातून,
करपलेलं पातेलं खरवडावं तसा.

म्हणजे काय रे, हॅविसनं विचारलं.
तिची भाषा त्याला भाव करण्यापुरतीच येत होती.
त्यानं फाशांकडे बोट दाखवलं.
मग राखेच्या उबेला झोपलेल्या तिच्या पोरीकडे,
इडोनीकडे, तिच्या उघड्या तोंडाकडे,
पायांशी सरकलेल्या घोंगडीकडे.
मग पुन्हा फाशांकडे.
दोन्ही, म्हणाला. एकच.

त्याच्या गावी सुखाला आणि दैवाला
मिळून एकच शब्द पुरत होता.

हॅविसला फासे समजले.
पोरीचं काय, ते कळलं नाही.
तिनं घोंगडी वर ओढली,
पैसे दोनदा मोजून घेतले,
आणि त्याच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या.

पहाटे ओहोटीबरोबर तो गेला. शब्द राहिला.
लिनच्या जिभांना ‘घे’ काही जमेना.
हमालांनी ओढून पाहिला, मिठागरवाल्यांनी चघळून पाहिला,
शेवटी मडक्याचा कान निखळावा तसा निखळला
आणि लोक मडकं वापरत राहिले.
उरलं ते लक.

मराठीतून बघणारीला यात हसू येतं:
गळालं काय, तर ‘घे’!
आमच्यात फासे टाकले की दान पडतं,
जणू समोर कुणी देणारा बसलाय.
भाग्यात भाग असतो.
नशीब अरबी, पण तेही मुळात वाटाच.
कुणीतरी पंगतीतून वाढत येतंय
आणि आपल्यासमोर पान आहे, रिकामं का होईना.
लकमध्ये वाढपी नाही.
एक हाड आहे, त्याचं पडणं आहे,
आणि भोवती श्वास रोखलेली माणसं.

वाउटर पुन्हा आला का?
कोश सांगत नाही, मलाही रचवत नाही.
पण हॅविस म्हातारी झाली, एवढं मला ठाऊक आहे.
इडोनीनं मिठागरवाल्याशी लग्न केलं,
दोन पोरं गेली, तिसरं जगलं.
एका थंडीत ते चुलीपाशी झोपलं होतं,
तोंड उघडं, घोंगडी पायांशी,
आणि म्हातारीचा हात घोंगडीकडे जाता जाता
मध्येच थांबला.

तिला शब्द आठवला. पुरा आठवला.
तिनं तो कानासकट उचलायचा प्रयत्न केला,
घशाच्या तळापासून,
एकदा, मग पुन्हा एकदा.

शेजारीण धावत आली.
खोकला लागलाय समजून तिनं पाठीवरून हात फिरवला
आणि पाणी पुढे केलं.
हॅविसनं ते घेतलं.